‘तुले कसं माहीत, भो?’

खान्देशात चार माणसं एकत्र बसली की गप्पांना विषय शोधावा लागत नाही, आणि त्यात इतिहास निघाला तर चहा दोनदा होतो. अडचण एकच. या गप्पा बहुधा निकालापासून सुरू होतात. अमका राजा थोर, तमका लबाड, इंग्रजांनी लुटलं, पूर्वी सगळं चांगलं होतं. निकाल आधीच लागलेला असला की पुढे फक्त आवाज चढतो. जगाच्या इतिहासाबद्दल विचार करत बोलायचं तर गप्पा दुसऱ्या टोकाने धराव्या लागतात. आधी ‘तुले कसं माहीत, भो?’ हा इथला नेहमीचा प्रश्न, आणि त्याला लागूनच दुसरा: त्या वेळच्या माणसाला काय माहीत होतं? पुढे काय घडलं ते आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं. बैठकीतल्या निम्म्या चुका इथे होतात.

बैठक आठ ते बारा जणांची बरी. पाच-सहाच असतील तर मतं फार लवकर जुळतात, आणि पंधराच्या वर गेलं की तिघे बोलतात, बाकीचे मोबाइल बघतात. वेळ दीड तास. समोर एखादी वस्तू, नाहीतर एकाच प्रसंगावरचे दोन उतारे ठेवावेत. प्रत्येक उतारा आठ-दहा ओळींचा, मराठीत केलेला आणि चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या अक्षरात छापलेला असावा. तो दोनदा मोठ्याने वाचायचा. पहिल्या वाचनाला लिहिणाऱ्याचं नाव झाकलेलं ठेवायचं आणि हा माणूस कोण असेल याचा अंदाज सगळ्यांनी करायचा. दुसऱ्या वाचनाआधी नाव सांगायचं. फळ्यावर तीन रकाने: ‘कागदात दिसतं’, ‘आपल्याला वाटतं’, ‘शोधायला हवं’. पहिली वीस मिनिटं फक्त पहिला रकाना भरायचा. ऐकायला हे सोपं वाटतं, पण मोठ्या माणसांना ते फार जड जातं. शाळकरी पोरं त्यांच्यापेक्षा लवकर शिकतात, कारण त्यांची मतं अजून घट्ट झालेली नसतात.

नव्या मंडळींची पहिली बैठक ताटापासून करावी. भरीत आणि कळण्याची भाकरी पुढे ठेवायची आणि ताटातला कोणता जिन्नस कुठून आला ते विचारायचं. वांगं इकडचंच, उडीदही इकडचाच. भाकरीतली ज्वारी मूळची आफ्रिकेतली. पूर्व सुदानात तिच्या लागवडीच्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या आहेत. भरतातली हिरवी मिरची आणि शेंगदाणे अमेरिकेतले, म्हणजे १४९२ नंतर समुद्र ओलांडून आलेले. मग १४९० साली तापीकाठी वांगं भाजलं जात असेल तर त्यात तिखट काय घालत? मिरी? पिंपळी? आलं? मिरी मलबारातून यायची, ती सगळ्यांना परवडायची का? इथे तिसरा रकाना भरायला लागतो आणि बैठकीला रंग चढतो. एक गडबड मात्र हमखास होते. कुणीतरी म्हणतो, ‘म्हणजे भरीत आपलं नाहीच की!’ मालकी ठरवणं हा वेगळा उद्योग आहे. बोलणं पुन्हा प्रवासावर आणायचं: बी कोणी आणलं, कोणत्या बंदरात उतरलं, शेतकऱ्याने ते का पेरलं असेल.

दुसरं उदाहरण चाळीसगावजवळच्या पाटणचं. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला तिथला शिलालेख शके ११२८ चा आहे, म्हणजे साधारण १२०६-०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि त्या परंपरेतले इतर ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्या भागाच्या निकुंभ सरदारांनी त्याला दान दिलं, असं तो लेख सांगतो. शेवटी विकणाऱ्या-घेणाऱ्यांकडून आणि तेलाच्या घाण्यांवरून मठाला काय मिळावं तेही जुन्या मराठीत लिहिलं आहे. विद्येचा खर्च कोण उचलत होतं हे इतक्या रोकड्या भाषेत क्वचितच वाचायला मिळतं. माझ्या मते लेखाचा हा शेवटचा भाग वंशावळीपेक्षा जास्त वेळ मागतो, पण बैठकीत सगळे भास्कराचार्यांच्या नावापाशीच थांबतात.

आता जगाचा नकाशा काढायचा आणि त्याच काळात इतरत्र काय चाललं होतं ते मांडायचं. १२०६ मध्ये मंगोल टोळ्यांनी तेमुजिनला चंगीझ खान म्हणून मानलं. त्याच वर्षी कुतुबुद्दीन ऐबक लाहोरात सत्तेवर आला. त्याआधी चारच वर्षं, १२०२ मध्ये, इटलीतल्या पिसाच्या लिओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो, भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा ते शिकवणारा ग्रंथ लिहिला. एवढं मांडलं की कुणीतरी खुर्चीत पुढे सरसावून म्हणणारच, ‘म्हणजे पाटणहूनच तिकडे गेलं!’

इथे एक नियम कामाला येतो. नकाशावर दोन ठिकाणं जोडताना रेष तुटक काढायची. ती सलग करायची परवानगी तेव्हाच, जेव्हा मधला माणूस, जहाज, कागद किंवा माल नाव घेऊन दाखवता येईल. फिबोनाची हे अंक शिकला उत्तर आफ्रिकेतल्या बुजीया बंदरात, जिथे त्याचे वडील पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने जकातीचं काम बघत. अरबी जगात हे गणित त्याच्या कितीतरी आधी पोचलेलं होतं. बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने नवव्या शतकातच भारतीय अंकगणितावर लिहिलं. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे १११४ चा. तेव्हा सलग रेष भारतातून बगदादला आणि तिथून बुजीयाला जाते, पण ती भास्कराचार्यांच्या जन्माआधीच निघालेली आहे. पाटण आणि पिसा यांच्यामधली रेष तुटकच राहते. एकाच वेळी घडलं म्हणजे एकमेकांमुळे घडलं असं होत नाही, हे व्याख्यानातून पटत नाही. हातात खडू घेऊन रेष पुसावी लागली की पटतं.

पाटणच्याच बैठकीत जन्मगावाचा वाद निघतो. भास्कराचार्यांनी आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड म्हणून सांगितलं आहे. हे गाव नेमकं कोणतं यावर एकमत नाही, विजापूरकडेही दावा आहे. शिलालेखावरून नातवाचा मठ पाटणला होता एवढं सिद्ध होतं, आजोबांचा जन्म तिथला हे होत नाही. खान्देशातल्या बैठकीत हे वाक्य म्हणायला थोडं धैर्य लागतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा विषय १६३०-३२ च्या दुष्काळाचा. कारण खान्देश त्याच्या मधोमध होता आणि त्याच्याबद्दल दोन फार वेगळ्या माणसांनी लिहून ठेवलं आहे. पहिला पीटर मंडी, ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. १६३० च्या नोव्हेंबरात तो सुरतेहून आग्र्याला निघाला. वाट नंदुरबार, बुऱ्हाणपूर अशी. नंदुरबारला त्याच्या लोकांना छोटा तंबू ठोकायलाही जागा मिळेना, इतकी प्रेतं पडली होती, असं त्याने नोंदवलं आहे. दुसरा अब्दुल हमीद लाहोरी, शाहजहानच्या हुकमाने ‘पादशाहनामा’ लिहिणारा दरबारी. तो काही वर्षांनी लिहितो: भाकरीच्या मोलाने जीव देऊ केले तरी घेणारा नव्हता. कुत्र्याचं मांस बकऱ्याचं म्हणून विकलं गेलं, मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळली. आणि मग बादशहाचं औदार्य: बुऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरतेकडे लंगरखाने, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गोरगरिबांत वाटले, वीस आठवड्यांत एक लाख, शिवाय खालसा, म्हणजे थेट बादशहाच्या वसुलीच्या, मुलखात सुमारे सत्तर लाखांचा महसूल माफ.

नावं झाकून वाचलं की निम्मी बैठक लाहोरीलाच इंग्रज समजते, कारण भयंकर वर्णन त्याचं आहे. नाव उघडल्यावर चांगला प्रश्न आपोआप येतो: बादशहाच्या पदरचा माणूस एवढी दैना का लिहितो? एक उत्तर असं की संकट जितकं मोठं तितकं दान उठून दिसतं. दुसरं असं की त्या इलाख्यातल्या सगळ्यांनी पाहिलेलं असताना ते लपवता येणारच नव्हतं. दोन्ही उत्तरं ‘आपल्याला वाटतं’ या रकान्यात जातात. मंडीकडेही तसंच बघायचं. तो रस्त्यावरून जातो, घराघरांत शिरत नाही. रस्त्यावर जी माणसं मेली ती बहुधा गाव सोडून निघालेली होती. मग घरातच राहिलेल्यांचं काय झालं? त्याची वही छापून आली १९१४ मध्ये, म्हणजे तो कुठल्या राजाला खूश करायला लिहीत नव्हता हे खरं. पण न छापलेली वही म्हणजे खरी वही असंही नाही.

आता पाच हजारांचा हिशेब करायला लावायचा. कागद-पेन्सिल हवीच. अकबराच्या काळच्या ‘आईन-इ-अकबरी’त साध्या मजुराची रोजी दोन दाम, आणि रुपयाला चाळीस दाम. पाच हजार रुपयांचे झाले दोन लाख दाम, म्हणजे एक लाख मजुरांची एका दिवसाची रोजी. आठवड्याला भागलं तर सुमारे चौदा हजार माणसं. आकडा लहान नाही. पण हा झाला सुकाळातला दर. दुष्काळात धान्याचा भाव दुप्पट झाला तर सात हजार, पाचपट झाला तर तीन हजारांच्या आत. शिवाय रुपये वाटले तरी बाजारात दाणा असायला हवा. आणि दाणा कुठे जात होता? १६३० ते १६३२ शाहजहान स्वतः दख्खनच्या मोहिमेसाठी फौजफाट्यासह बुऱ्हाणपुरात होता, आणि मुघल फौजांना धान्य पुरवायचे ते वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे. पाऊस पडला नाही हे कारण, की पडेल त्या भावात फौज धान्य उचलत होती हे? की सैन्याच्या वाटेवरची शेतं? कारणांना क्रमांक देऊ नका असं सांगावं लागतं, कारण मंडळी लगेच ‘मुख्य कारण’ शोधायला लागतात. त्याऐवजी विचारावं की यातलं एक काढून टाकलं तर बाकीच्यांनी काय झालं असतं. पाऊस पडला असता तर फौजेने दुष्काळ आणला असता का? फौज आग्र्यात असती तर नंदुरबारच्या रस्त्यावर एवढी माणसं मेली असती का? या दोन प्रश्नांवर अर्धा तास सहज जातो.

याच बैठकीत ताजमहाल येतो. ‘लोक मरत होते आणि हा थडगं बांधत होता.’ तारखा मांडा. मुमताज बुऱ्हाणपुरात वारली १७ जून १६३१ ला, तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं पुरलं, डिसेंबरात देह आग्र्याला नेला, बांधकाम सुरू झालं १६३२ मध्ये. वाक्य अर्धं टिकतं, अर्धं नाही. कोणतं अर्धं, ते बैठकीने ठरवावं. सांगून टाकू नये.

बैठक बिघडते ती बहुधा तीन तऱ्हांनी. एक, निवृत्त मास्तर व्याख्यान देऊ लागतात. त्यांना उतारा वाचायचं काम द्यावं आणि फळाही त्यांच्याच हाती द्यावा. लिहिणारा माणूस कमी बोलतो. दोन, व्हॉट्सॲपवरचा मजकूर निघतो. त्याला हसू नये. तोच पुढच्या बैठकीचा उतारा करावा, मंडी आणि लाहोरीला लावली तीच फूटपट्टी त्यालाही लावावी: कोणी लिहिला, कधी, कुणासाठी, याला दुजोरा कुठे. तीन, आणि ही सगळ्यात अवघड, पूर्वजांचा मान आड येतो. कुणाच्या जातीचा, धर्माचा, गावाचा. तेव्हा निवाडा मागणारा प्रश्न बदलून टाकावा. ‘शाहजहान चांगला की वाईट’ याला उत्तर नाही, बाजू आहेत. ‘१६३१ च्या जानेवारीत बुऱ्हाणपुरात दाण्याचा भाव कोणाकोणाला माहीत असेल’ याला उत्तर शोधता येतं, आणि ते शोधताना बादशहा, कोतवाल, वंजारी, सराफ, उपाशी विणकर असे सगळे एका खोलीत येतात.

कापसाची बैठक मे महिन्यात ठेवावी, पेरणीच्या आधी. हा खेळच आहे, पण त्याचे नियम कडक. प्रत्येकाला दहा चिठ्ठ्या द्यायच्या, एक चिठ्ठी म्हणजे एक बिघा. वर्ष १८६४, गाव धरणगावच्या आसपासचं. कपाशी किती बिघे, ज्वारी किती, ते ठरवायचं. सारा रोख भरायचा आहे. सावकाराची बाकी आहे. आणि मे १८६४ नंतरचं काहीही कुणी तोंडातून काढायचं नाही, हा मुख्य नियम. जो काढील त्याने चहाचे पैसे द्यायचे.

माहिती एवढीच वाचून दाखवायची. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली. ब्रिटनच्या गिरण्यांचा सुमारे तीन चतुर्थांश कापूस तिथूनच येत होता. लँकेशायरमध्ये गिरण्या थंडावल्या, लाखो कामगार बसून आहेत. मुंबईत कापसाचा भाव युद्धाआधीच्या कितीतरी पट वर गेला आहे. इकडचा कापूस तिकडे ‘सुरती’ नावाने ओळखला जातो आणि बदनाम आहे. अमेरिकन धागा साधारण एक इंचाचा, यंत्रं त्याला जुळवलेली; इकडचा आखूड, यंत्रावर तुटणारा, वर त्यात सरकी आणि माती. भेसळ इतकी की १८६३ मध्ये मुंबई सरकारने त्याविरुद्ध कायदाच केला. ज्वारीही महाग झाली आहे, कारण माणसं कपाशीकडे वळली आणि रेल्वेच्या कामावर रोख मजुरी मिळते आहे.

बहुतेक जण सहा-सात बिघे कपाशी लावतात. मग पुढची चिठ्ठी उघडायची. कपाशीची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते, माल मुंबईला पोचेपर्यंत १८६५ उजाडतं, आणि तहाच्या अफवांनी भाव घसरायला लागलेले असतात. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण येतो. अटलांटिकखालून तार अजून नाही, ती कायमची टाकली गेली १८६६ ला. म्हणजे ही बातमी आधी जहाजाने युरोपात, मग तारेने आणि टपालाने मुंबईला, आणि तिथून खान्देशात. १ जुलै १८६५ ला मुंबईतले वायदे पुरे करायची वेळ येते आणि पेढ्या कोसळतात. तोवर इकडे मृग लागून गेलेला आहे. या वर्षी तुम्ही काय पेरलंत? बातमी तुमच्या आधी व्यापाऱ्याला कळली की नाही? हा प्रश्न आला की आजचे कापूस उत्पादक अगदी ताठ बसतात. त्यांना आजचा भाव काढू द्यावा, पण दहाच मिनिटं, नाहीतर १८६५ हातचं जातं.

खेळ संपला की चिठ्ठ्या बदलायच्या. एक जण मिसिसिपीच्या मळ्यावरचा गुलाम मजूर, ज्याला १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा ऐकू आला असेल किंवा नसेल. एक जण मँचेस्टरचा बेकार कामगार. तिथल्या सभेने गुलामगिरीविरुद्धच्या बाजूला पाठिंबा कळवला तेव्हा लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्यांना आभाराचं पत्र लिहिलं. स्वतःची चूल थंड असताना माणसं असं का करतात? की सगळेच कामगार तसे नव्हते? एक जण नाईलकाठचा शेतकरी. त्यानेही याच वर्षांत कपाशी वाढवली; तिथल्या राजवटीने या तेजीच्या भरवशावर कर्जं काढली, १८७६ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि १८८२ मध्ये इंग्रज फौज उतरली. ही रेष सलग काढता येते का, की मध्ये एक-दोन ठिकाणी तुटक ठेवावी लागते? माझं मत तुटकीकडे झुकतं. कर्जाची कारणं कापसाइतकीच खेदिवाच्या, म्हणजे इजिप्तच्या राज्यकर्त्याच्या, हौसेत आणि सुएझच्या कालव्यातही होती.

रेल्वेबद्दल एक चकवा मुद्दाम ठेवावा. ‘युद्धामुळे इंग्रजांनी कापसासाठी रेल्वे आणली’ असं कुणीतरी म्हणेल. मुंबई-ठाणे १८५३ ची. भोर घाटाचा मार्ग १८६३ ला खुला झाला, थळ घाटाचा १८६५ च्या आरंभी, पण दोन्हींचं काम युद्धाच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. कापूस मनात होता हे खरं, युद्ध मात्र नव्हतं.

शेवटच्या वीस मिनिटांसाठी एक न सुटलेला प्रश्न राखून ठेवावा. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या आणि दंगे पुणे-नगर भागात पसरले. पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं की कापसाची तेजी ओसरली, शेतकरी कर्जात बुडाला, म्हणून दंगे झाले. पण कापूस खान्देशात जास्त, आणि दंगे तिकडे. तेजी-मंदीच कारण असती तर पेटायला हवं होतं धरणगाव आणि एरंडोल. मग कपाशीपेक्षा साऱ्याची फेरआकारणी महत्त्वाची होती? सावकार स्थानिक की बाहेरचा? काळी जमीन आणि माळरान यांचा फरक? १८८० चं खान्देशचं गॅझेटियर आणि त्याच मालिकेतलं पुण्याचं, दोन्हींतली सावकारीवरची पानं शेजारी शेजारी ठेवावीत. मोडी वाचणारा कुणी असेल तर एखाद्या जुन्या पेढीची १८६५ ते १८७५ ची खतावणी (खातेवही) मिळते का पाहावं. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात जुन्या कागदांची सवय असलेली माणसं भेटतात. खतावणीत आधी व्याज बघू नये. कोणत्या महिन्यात कर्ज उचललं ते बघावं: जेठात उचललं असेल तर बियाण्यासाठी, पौष-माघात असेल तर साऱ्याच्या हप्त्यासाठी, वैशाखात असेल तर बहुतेक लग्नासाठी.